टंचाई रॉकेलची असते

सोमवार

कम्युनिकेशन स्किल्सच्या सरांनी इंटर्नलचं भाषण आणून डोक्यावर ठेवलंय. पाच मिनिटं, वीस मार्क. विषय आपला आपण घ्यायचा, पण तीन संदर्भ हवेत, त्यातला निदान एक छापील, आणि ते भाषणात तोंडाने सांगायचे. "असं म्हणतात की..." आलं की मार्क गेला. झालं, माझी शाळेतली सगळी वक्तृत्वाची कमाई पाण्यात! आठवीत तालुक्यात दुसरी आले होते ती निव्वळ "असं म्हणतात की" वर आणि शेवटी चढवलेल्या आवाजावर.

विषय घेतला बहात्तरचा, म्हणजे १९७२ चा दुष्काळ. आमच्या करमाळ्याकडे कुठलीही गोष्ट तिथूनच मोजतात. अमक्याचं लग्न बहात्तरच्या आधीचं, तमकी विहीर बहात्तरलाही आटली नव्हती. "तवाचा दुष्काळ अन्नाचा, आत्ताचा पाण्याचा" हे वाक्य तर घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाबरोबर ऐकवतो. वाटलं, अर्धं भाषण घरचंच आहे.

मंगळवार

कॉलेजच्या लायब्ररीत मी आजवर पंख्याखाली बसायलाच गेलेय. आज पहिल्यांदा कॅटलॉगच्या कॉम्प्युटरसमोर बसले. मराठी पुस्तकांची नावं त्यात इंग्रजी अक्षरांत भरलीत. आता "दुष्काळ" कसा लिहिणार? एससोबत एच टाकला, 'का'ला एक ए, शेवटी एल. शून्य पुस्तकं. एच काढला. शून्य. मग 'का'ला दोन ए दिले, तेव्हा एकदम चार पुस्तकं उगवली. ज्याने एंट्री केली त्याच्या कानाला जो काना लांब वाटला त्यावर पुस्तक सापडणार की नाही हे ठरतं. चारातली दोन कथासंग्रह निघाली.

चेहरा बघून ग्रंथपाल मॅडम उठून आल्या. म्हणाल्या, "एकाच शब्दाला धरून बसू नकोस. अवर्षण बघ, टंचाई बघ, रोजगार हमी बघ. आणि एकाच कपाटात सगळं मिळेल असंही समजू नकोस. पुस्तकांच्या विषयक्रमांकांत रोजगार ३३१ मध्ये, अन्नपुरवठा ३६३ मध्ये, इतिहास ९५४ मध्ये." एकच दुष्काळ तीन कपाटांत वाटून ठेवलेला. वर आणि बांधीव नियतकालिकं मागच्या खोलीत. तिथली किल्ली लायब्ररीच्या शिपाईमामांकडे, मामा जेवायला गेलेले.

बुधवार

आजचा दिवस वसूल.

"टंचाई" टाकल्यावर सरकारी अहवाल भराभर येऊ लागले. मॅडमना विचारलं, सरकार दुष्काळाला दुष्काळ का म्हणत नाही? त्यांनी उत्तर दिलं नाही, राज्याच्या अधिनियमांचा एक जाडजूड खंड आणून समोर ठेवला. पानं पिवळी, कडा हाताला लागल्या की भुगा पडतो. त्यात १९६३ चा एक कायदा आहे. विषय एवढाच, की राज्यात लागू असलेल्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्द काढून टाकायचा. त्याच्या जागी 'स्कॅर्सिटी'. मी ते दोनदा वाचलं. म्हणजे बहात्तर उजाडायच्या नऊ वर्षं आधीच आमच्याकडच्या कायद्यात दुष्काळ उरला नव्हता!

रिडिंग हॉलमध्ये फोन चालत नाही, म्हणून जिन्यात जाऊन आजीला लावला.

"आजी, बहात्तरला तुमच्याकडं टंचाई म्हणायचे का गं?"

"टंचाई? टंचाई रॉकेलची असती बाय. त्यो दुस्काळच व्हता."

मग ती थांबेचना. बंडिंगच्या, म्हणजे शेताला बांध घालायच्या कामावर होती ती, आत्या तेव्हा अंगावर पीत होती. तिला लिंबाच्या सावलीत झोळीत टाकायची आणि पाट्या उचलायच्या. लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) मिळायचा, त्याच्या भाकरी थापताना फाटायच्या. सुकडी, म्हणजे कामावर वाटायचं तयार पौष्टिक खाणं, मिळायची, तिचा वास अजून नाकात आहे म्हणाली. मी जिन्यात बसून तळहातावर लिहीत होते, वही आत राहिली होती.

गुरुवार

सालांचा घोळ. मोबाइलवर रोजगार हमीची, म्हणजे मागेल त्याला काम देणाऱ्या सरकारी योजनेची सुरुवात कुणी १९७२ लिहितं, कुणी १९७७, कुणी १९७९. मला वाटलं दोघं तरी चुकलेत. छापील कायदा काढला तर सगळेच आपापल्या परीने बरोबर. योजना राज्यभर लागू झाली १९७२ मध्ये. कायद्याच्या नावात १९७७. पण अधिनियम क्रमांक १९७८ चा २०, आणि अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. आणि मुळाशी गेलं तर या योजनेचे जनक वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात केलेला प्रयोग. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांच्या लेखात आकडा मिळाला: मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. आमची आजी त्यातली एक. आकड्यात ती कुठे दिसणार, पण मला तो आकडा वाचताना झोळीच दिसत होती.

पाहुण्यांचं अन्न-पाण्याचं वाक्य मी खोडलं. खोटं आहे असं नाही, पण आजीच्या बोलण्यात कोरड्या विहिरी मिलोइतक्याच वेळा आल्या होत्या.

रात्री दादाची पगाराची स्लिप मागवली. दर महिन्याला व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ च्या कायद्याने बसवला तोच मुळी रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. दादा म्हणाला, "मला वाटायचं कंपनीच कापते काहीतरी."

शनिवार

भाषण झालं. तोंडाने संदर्भ सांगायची मला भीती होती, की ओघ तुटेल, बातम्या वाचल्यासारखं होईल. उलट "१९६३ च्या अधिनियमानुसार" म्हटल्यावर मागची कुजबुज थांबली. मग लगेच आजीचं रॉकेल. हशा पिकला, आणि सुकडीपर्यंत येईतो तो आपोआप विरला. आवाज चढवायची वेळच आली नाही. व्यवसाय कराचं सांगितलं तेव्हा सकाळी कुरिअरच्या ऑफिसात काम करून येणारा एकजण मोठ्याने म्हणाला, "अरे, माझा पण कापतात!" त्यात अर्धं मिनिट गेलं.

सतरा मार्क. वेळ ओलांडली म्हणून दोन गेले आणि एक का गेला ते सरांनी सांगितलं नाही. आजी संदर्भ म्हणून चालते का, असं आधी विचारायचं धाडस झालं नव्हतं. सर म्हणाले, मुलाखत म्हणून चालते, पण कधी घेतली ती तारीख सांगायला हवी होती. बहुधा तोच तो एक.

पुस्तकं परत द्यायला गेले. सहज म्हणून कॉम्प्युटरवर एक ए टाकून बघितलं. अजून शून्यच. मॅडमनी काउंटरवरून एक कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल सरकवली. "एंट्री दुरुस्त होईल तेव्हा होईल. कुठल्या स्पेलिंगने काय सापडलं ते लिहून दे." तिन्ही स्पेलिंगं लिहिली, खाली टंचाई, अवर्षण, रोजगार हमी. मामांनी ती चिठ्ठी सेलोटेपने मॉनिटरच्या कडेला चिकटवली, थोडी तिरकी.