औसंगातेच्या पायथ्याशी: कोय्युर रितीची यात्रा आणि जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

पेरूतल्या कुस्कोला पोचलेले बहुतेक प्रवासी माचू पिच्चूची वाट धरतात. आम्ही उलट दिशेला, आग्नेयेकडे निघालो. कुस्को प्रदेशातलं सर्वांत उंच शिखर, औसंगाते, तिकडे आहे. उंची सुमारे ६,३८० मीटर. तिंकी या बाजाराच्या गावात उतरलं की ते समोरच दिसतं.

इथले मूळ रहिवासी असलेले केचुआ लोक अशा डोंगराला ‘आपू’ म्हणतात. गाइडबुकं ‘पर्वतदेव’ असा अर्थ देऊन पुढे जातात, पण तेवढ्याने काही कळत नाही. गरम पाण्याच्या कुंडांसाठी ओळखल्या जाणाऱ्या पाक्चांता गावात आम्ही एका मेंढपाळ कुटुंबाकडे राहिलो. त्यांच्या बोलण्यातून उमगलं ते असं की आपू हा शेजारी आहे, मालक आहे आणि तापटही आहे. पाणी त्याचं, गारपीट त्याची. अल्पाका, म्हणजे उंटाच्या कुळातले लोकरीचे प्राणी, तर त्याच्याच तळ्यांतून वर आले, माणसांकडे उसने आहेत, नीट सांभाळले नाहीत तर परत तळ्यात जातील. त्यामुळे व्यवहार दोन्ही बाजूंनी चालू ठेवावा लागतो. डोंगर देतो, माणसानेही द्यायचं. घरची आजी कोका या झुडपाची तीन अखंड पानं पंख्यासारखी धरायची, त्यांवर हलकी फुंकर घालायची आणि आजूबाजूच्या डोंगरांची एकेक करून नावं घ्यायची. या पानांना ‘किंतू’ म्हणतात. ऑगस्टमध्ये, म्हणजे धरणीमातेच्या महिन्यात, मोठा नैवेद्य असतो. कोका, लामा या अल्पाकासारख्याच प्राण्याची चरबी, धान्य, मिठाई असं कागदात बांधून जाळतात किंवा पुरतात. त्याला ‘देस्पाचो’ म्हणतात.

आमची खरी ओढ कोय्युर रितीच्या यात्रेची होती. ईस्टरनंतर आठ आठवड्यांनी, कॉर्पस क्रिस्ती या कॅथलिक सणाच्या आधीच्या रविवार ते मंगळवार या दिवसांत सिनाकारा खोऱ्यात ती भरते. तारीख दरवर्षी बदलते, तेव्हा तिकीट काढण्याआधी पंचांग बघावं तसं ईस्टर बघा. माउआयानी गावापर्यंत गाडी जाते, पुढे आठेक किलोमीटर चढ. वाटेत क्रूस लागतात, प्रत्येकापाशी लोक थांबतात. वर ४,६०० मीटरच्या पुढे दगडावर उमटलेल्या ख्रिस्ताभोवती बांधलेलं देऊळ आहे. कथा १७८० सालची: मारिआनो माय्ता नावाचा गुराखी पोरगा आणि त्याला भेटलेला मानुएल नावाचा गोरा मुलगा, जो प्रत्यक्ष बाळ येशू निघाला. ही पूजा येशूची की डोंगराची, असा प्रश्न आम्ही दोघातिघांना विचारला. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की प्रश्नच चुकीचा आहे.

मराठी माणसाला इथे वारी आठवणारच. दिंड्यांप्रमाणे इथे आठ ‘राष्ट्रं’ येतात: पाउकारताम्बो, किस्पिकान्ची, कान्चिस वगैरे. प्रत्येकाची नाचणारी पथकं वेगळी. मात्र रात्रभर एकाच वेळी डझनावारी ब्रास बँड वाजतात आणि शिस्त लावायला हातात चाबूक घेतलेले उकुकू फिरतात. उकुकू म्हणजे लोकरी मुखवट्यातले अर्धे अस्वल, अर्धे माणूस. बोलतात बारीक, खोट्या आवाजात आणि थट्टा करतात, पण दारूची बाटली दिसली की थट्टा संपते. यात्रेत दारू चालत नाही.

हेच उकुकू रात्री कोल्केपुन्कूच्या हिमनदीवर चढतात. पूर्वी तिथून बर्फाच्या लाद्या पाठीवर बांधून आणत. ते पाणी औषध म्हणून गावोगाव जायचं. हिमनदी मागे सरकताना पाहून त्यांनी या शतकाच्या सुरुवातीला बर्फ तोडणं बंद केलं. आता वर रोवलेले क्रूस घेऊन पहाटे उतरतात, पाठ मोकळी. हवामानबदलावरचे अहवाल मी बरेच वाचले आहेत, पण आपल्या सर्वांत पवित्र विधीचा गाभा कुणी स्वतःहून सोडलेला इथेच पाहिला. बर्फ गेला की आपूही जाईल, ही भीती पाक्चांतातही ऐकली.

युनेस्कोने २०११ मध्ये ही यात्रा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्याने कॅमेरे वाढले असणार. फोटो विचारून काढा, आणि उकुकूंच्या मागे हिमनदीवर जाऊ नका. तो पाहुण्यांचा भाग नाही. देवळाजवळच्या माळावर लोक दगडांची छोटी घरं मांडतात, खोट्या नोटांनी घर-गाडी विकत घेतात, वर्षभरात खरं मिळावं म्हणून. तिथे पाय जपून टाका.

विरळ हवा हा सगळ्यात मोठा अडथळा. कुस्को ३,४०० मीटरवर आहे, तिथे निदान तीन-चार दिवस शरीराला सवय होऊ द्या. विरळ हवेच्या त्रासावरचं अॅसिटाझोलामाइड हे औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या. डोकेदुखीबरोबर उलट्या सुरू झाल्या तर यात्रा अर्धवट सोडून खाली उतरा. जून तिथला कोरडा हिवाळा, रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. उणे दहाची स्लीपिंग बॅग, कानात घालायचे बोळे आणि स्वतःचा टॉयलेट पेपर हवाच. चढ जमत नसेल तर माउआयानीत घोडा मिळतो. सुट्टे सोल (पेरूचं चलन) जवळ ठेवा, कार्ड विसरा.

शाकाहारींनी ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) एवढंच म्हणू नये, कोंबडी त्यात धरत नाहीत. ‘सिन पोयो’ (कोंबडीशिवाय) हेही म्हणा. तरी सूपचं पाणी मांसाचं असू शकतं, म्हणून बटाटे, चीज आणि घरून नेलेल्या चटण्यांवर भिस्त ठेवा.

यात्रेऐवजी औसंगातेची प्रदक्षिणा करायची असेल तर वाट सुमारे ७० किलोमीटरची आहे, खिंडी ५,००० मीटरच्या वर. घोडेवाले तिंकीतच ठरवा, पैसे थेट गावात राहतात. वाटेतली गावं प्रवेशशुल्क घेतात, पावत्या जपा. कुस्कोतल्या दुकानांत पर्यटकांसाठी ‘शामान विधी’, म्हणजे मांत्रिकांचे विधी, विकतात, त्यापेक्षा यजमानांच्या घरी किंतूला बसायला मिळालं तर बसा आणि ‘सुलपायकी’ म्हणा, म्हणजे आभार.

परतीच्या विमानाआधी खिसे आणि बॅगेचे कप्पे झटका. पेरूत कोकाची पानं बाजारात उघड मिळतात, भारतात मात्र ती अमली पदार्थ कायद्याखाली येतात. कोकाच्या चहाच्या पुड्याही आणू नका.