केन बार्लो नावाचा कंटाळवाणा माणूस

2014 साली मँचेस्टरला आले तेव्हा ज्यांच्या घरात खोली भाड्याने घेतली होती त्या बाई पंच्याहत्तरीच्या होत्या, आणि संध्याकाळचे साडेसात वाजत आले की त्यांचं ठरलेलं, आधी किटली लावायची, मग फोन उचलायचा नाही आणि माझ्याशी बोलायचं नाही. टीव्हीवर कॉरोनेशन स्ट्रीट. मी मनात म्हटलं घ्या, एवढ्या लांब आले तरी सिरीयल काही पिच्छा सोडत नाहीये.

त्यात एक पांढऱ्या केसांचे, स्वेटरवाले आजोबा होते. मी विचारलं हे कोण, तर म्हणाल्या, "केन. माझ्या लग्नाआधीपासून आहे तो." मला वाटलं गंमत करतायत. तर गंमत नव्हती!

केनचं काम करणारा विल्यम रोच, म्हणजे तिकडे सगळे बिल रोचच म्हणतात, जन्म 1932, आधी सैन्यात होता, कॅप्टनपर्यंत चढला, मग ते सोडून नाटकं वगैरे करत करत ग्रॅनाडा टीव्हीच्या या मालिकेत आला. पहिला भाग 9 डिसेंबर 1960 ला, तोही लाइव्ह. टोनी वॉरन नावाच्या चोवीस वर्षांच्या पोराने ही मालिका सुचवून लिहिली होती आणि सुरुवातीला ऑर्डर होती फक्त 13 भागांची. 2020 च्या फेब्रुवारीत दहा हजारावा भाग झाला. पहिल्या भागातले बाकीचे कलाकार एकेक करून मालिका सोडून गेले, राहिला हा एकटा, आता नव्वदी ओलांडली तरी तोच केन. गिनीज बुकात नाव आहे ते वेगळंच.

मी तो पहिला भाग नंतर मुद्दाम शोधून बघितला. कामगार वस्तीतलं छोटंसं घर, केन युनिव्हर्सिटीत शिकणारा हुशार मुलगा, आईबाप आणि भावाबरोबर जेवायला बसलाय, टेबलावर सॉसची बाटली, आणि ते सगळं बघून याचं नाक मुरडलेलं. बापाच्या ते बरोब्बर लक्षात येतं, असं तोंड का करतोस म्हणून विचारतो. बास, एवढंच आहे हो. पण मला एकदम आमचा चुलतभाऊ आठवला, पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि पहिल्याच दिवाळीला घरी आल्यावर काका बशीत चहा ओतून भुरकायला लागले तर हा उठून ओट्यापाशी जाऊन उभा राहिला होता. काकांनी बशी खाली ठेवली आणि कपाने प्यायला लागले. कुणी काही बोललं नाही.

तर असा हा शिकलेला, जरा शिष्ट, नंतर मास्तर, नंतर पत्रकार, सतत कसली तरी तत्त्वं सांगणारा माणूस. त्यामुळे कंटाळवाणा म्हणून तो आधीपासूनच बदनाम. आणि मग द सन या पेपरने केनबरोबर रोचलाच कंटाळवाणा म्हणून टाकलं, तर हा गेला कोर्टात! 1991 मध्ये केस जिंकला, 50 हजार पौंड मिळाले, पण पेपरने आधीच तेवढे देऊ केले होते, त्यामुळे तिकडच्या नियमाने खर्चाचा मोठा बोजा याच्याच गळ्यात, मग आपल्याच वकिलांवर केस केली तीही हरला आणि 1999 मध्ये दिवाळं निघालं. मला विचाराल तर इतकी वर्षं कंटाळवाणा माणूस करून लोकांना टीव्हीसमोर बसवणं हे व्हिलन करण्यापेक्षा अवघड आहे, पण ते कोर्टाला कसं पटवणार.

आणि मालिकेतला केन कंटाळवाणा तरी कुठे, पहिली बायको व्हॅलरी हेअरड्रायरचा शॉक लागून गेली, दुसरीने जीव दिला, मग डिअर्ड्री. तिच्याशी तर दोनदा लग्न. 1981 चं चार्ल्स-डायनाच्या लग्नाच्या दोन दिवस आधी आणि 2005 चं चार्ल्स-कॅमिलाच्या आदल्या दिवशी, म्हणजे राजघराण्याच्याही आधी यांचा मुहूर्त. मधे 1983 ला ती माइक बाल्डविन नावाच्या दुसऱ्याच माणसाच्या मागे जाणार होती आणि शेवटी केनकडेच राहिली, तर ती बातमी ओल्ड ट्रॅफर्डला मॅच चालू असताना स्कोअरबोर्डावर झळकली होती. फुटबॉलच्या मॅचला!

आपल्याकडे लीप घेतात बघा, सोमवारी वीस वर्षं उलटतात आणि हिरॉइनच्या भांगाशी एक पांढरी बट, चेहरा मात्र तसाच तुकतुकीत. इथे लीपच नाही. केस खरेच पांढरे झाले. रोचचा खरा मुलगा लायनस लहानपणी केनचा मुलगा पीटर झाला होता, आणि 2010 मध्ये परत आला तो केनच्या दुसऱ्याच मुलाच्या भूमिकेत.

2015 च्या जानेवारीत डिअर्ड्री करणारी अ‍ॅन कर्कब्राइड गेली. चाळीसच्या वर वर्षं तिने ते काम केलं होतं, तो मोठा चष्मा लावून. मालिकेत मात्र डिअर्ड्री बाहेरगावी गेलेली होती ती जुलैत वारली. त्या संध्याकाळी मी कामावरून उशिरा आले, बाई टीव्ही बंद करून तशाच बसलेल्या, चहा गार झालेला. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या,

"आता केन जेवणार काय गं? त्याला धड अंडंसुद्धा उकडता येत नाही."