पाणी कसलं आहे?

जपानात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एक वाक्य घोकून पाठ केलं होतं : ‘निकु वा ताबेमासेन.’ मांस खात नाही. खानावळीतली मुलगी हसून मान डोलवायची आणि उकडलेल्या पालकाची वाटी आणून ठेवायची. वर रंधा मारल्यावर पडतात तसली गुलाबीसर सालपटं भुरभुरलेली. मला वाटलं, सजावट. तीन आठवडे मी ती सजावट चवीनं खाल्ली.

ती होती कात्सुओबुशी. ट्यूनाच्या जातीचा मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा टणक करतात आणि खरोखरच रंध्यावर तासतात. ती मुलगी खोटं बोलली नव्हती. मांस ते मांस आणि मासा तो मासा. माझ्या मावशीच्या गोव्याच्या सासरीही हिशेब असाच चालतो.

बरं, सालपटं बाजूला सारता येतात. पण तीच सालपटं ज्या पाण्यात घालून गाळलेली असतात, त्या पाण्याचं काय करणार? त्या पाण्याला म्हणतात दाशी. मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या सुपात दाशी, भोपळा शिजतो दाशीत, गार सोबा शेवया बुडवायच्या सॉसमध्ये दाशी. कित्येकदा मिसोच्या डब्यातही ती आधीच कालवलेली असते. पानात मासळीचा कण दिसत नाही आणि मासळी सगळीकडे! तेव्हापासून ‘यात काय आहे’ हे विचारणं मी सोडलं. ‘पाणी कसलं आहे’ एवढंच विचारते.

उत्तर सापडलं शेजारच्या आजींच्या फ्रिजमध्ये. काचेच्या बाटलीत पाणी आणि त्यात बुडालेला एक काळपट हिरवा पट्टा, तुटक्या चपलेचा असावा तसा. कोंबू. समुद्रातली वनस्पती, बहुतेक होक्काइदोहून येणारी. लिटरभर पाण्याला दहाएक ग्रॅम, रात्रभर भिजत. झाली दाशी.

आजींनी मलाही एक पाकीट दिलं. पट्ट्यांवर पांढरी भुकटी होती. बुरशी समजून मी ते नळाखाली खसाखसा धुतले आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या अभिमानानं त्यांना सांगितलं. ‘मोत्ताइनाइ!’ आजी कळवळल्या. वाया घालवलंस गं! भुकटीतच तर चव होती. ओल्या फडक्यानं धूळ टिपायची, बस्स. पाणी तापत ठेवलं की उकळी फुटायच्या आत पट्टा काढायचा, नाहीतर बुळबुळीत होतं. काढलेला पट्टाही टाकायचा नाही. बारीक चिरून सोया सॉस आणि साखरेत आटवला की भाताबरोबर तोंडीलावणं तयार. सुक्या शिताके अळंब्या भिजवलेलं पाणीही असंच जपायचं.

१९०८ मध्ये तोक्योतल्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं कोंबूच्या याच पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. आपल्या षड्रसांत तिला जागा नाही. घोट गिळल्यावर ती जिभेच्या मागच्या अंगाला रेंगाळत राहते. मी एकदा न राहवून दाशीतल्या भोपळ्याला हिंग-मोहरीची फोडणी दिली. भोपळा झकास झाला, पण दाशीचा पत्ता लागेना.

आजींचा हात मठाच्या वळणाचा. बौद्ध मठातल्या स्वयंपाकाला म्हणतात शोजिन र्‍योरी. त्यात मांस-मासे नाहीतच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य. उग्र वासाच्या भाज्यांचा हा निषेध बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे इथवर आला. म्हणजे आईचा चातुर्मास माझ्या आधीच जपानात पोचला होता. फरसबीला तिळाचं कूट लावलेलं पाहून तर मला माहेरी आल्यासारखंच वाटलं. झेन आचार्य दोगेन यांनी १२३७ मध्ये मठातल्या स्वयंपाक्यासाठी सूचना लिहून ठेवल्या. त्यात एका जुन्या गुरूचं सांगणं आहे : भात शिजवताना भांडं म्हणजे आपलं डोकं समजावं, तांदूळ धुताना पाणी म्हणजे आपला प्राण.

जेवताना आजी फार बोलत नाहीत. आधी हात जोडून ‘इतादाकिमासु’, म्हणजे नम्रपणे घेते. भाताची वाटी डावीकडे, सुपाची उजवीकडे, चॉपस्टिक्स समोर आडव्या. त्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत; तसा भात मृतासाठी ठेवतात. शेवटी ‘गोचिसोसामा’. त्यातल्या ‘चिसो’चा चित्रलिपीतला अर्थ धावाधाव. तुम्ही माझ्यासाठी केलीत ती धावाधाव!

मात्र त्या शेवटाच्या जरा आधी आजी रिकाम्या वाटीत गरम चहा ओततात, मुळ्याच्या पिवळ्या लोणच्याची एक चकती चॉपस्टिक्समध्ये धरून कडांना चिकटलेली शितं पुसून घेतात, चकती खातात आणि तो चहा पिऊन टाकतात. पुण्यात आमच्या वाड्यातले जैन काका जेवण झालं की ताटात पाणी फिरवून तेच पीत. आम्ही पोरं दारातून बघून ‘ई’ करत पळायचो.

परवा आजींनी माझ्या वाटीत चहा ओतला आणि लोणच्याची बशी पुढे सरकवली. चकती दोनदा सुटून वाटीत पडली. चहाला किंचित खारट, किंचित भाताची चव होती.