मनःस्थितीच्या नोंदींत केऑस शोधण्याआधी

मानसशास्त्रात केऑस थिअरी आली की फुलपाखराच्या फडफडीने दूर वादळ उठल्याची गोष्ट आधी येते, आकडे मागाहून. आपण आकड्यांपासून सुरू करू. स्प्रेडशीटच्या एका रकान्यात ०.३ लिहा. पुढची प्रत्येक किंमत अशी काढा: आधीचा आकडा, गुणिले (एक वजा तोच आकडा), गुणिले ४. शेजारच्या रकान्यात हेच ०.३००१ पासून करा. पंधराव्या ओळीपर्यंत दोन्ही रकाने परके झालेले असतात. इथे नशिबाला जागाच नाही, सगळं नियमाने घडतं, तरी सुरुवातीचा बारीक फरक वाढत जातो; केऑस म्हणतात तो याला. चवथीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या बाजारात उडणारी झुंबड म्हणजे केऑस नव्हे.

पणजीतल्या एखाद्या गटाच्या मनःस्थितीच्या रोजच्या नोंदी घ्यायच्या असतील, तर १ ते ५ ची पट्टी नको; तिच्यात बारीक फरक पुसले जातात आणि इथे तेच हवे असतात. ० ते १०० ची पट्टी घ्या, वेळ ठरलेली ठेवा. चुकलेला दिवस सरासरीने भरू नका, नाहीतर आलेख गुळगुळीत होतो आणि नसलेली शिस्त दिसू लागते.

गणितज्ञ टाकेन्सच्या १९८१ च्या प्रमेयामुळे एकाच मोजमापाच्या मागेपुढे सरकवलेल्या प्रतींवरून मूळ व्यवस्थेचा आकार उभा करता येतो. पण एकमान आणि रुएल यांनी १९९२ मध्ये दाखवलेली मर्यादा बहुतेक जण विसरतात: १०० नोंदींतून ४ पेक्षा मोठी मिती (त्या आकाराची गुंतागुंत सांगणारा आकडा) निघूच शकत नाही, हजारांतून ६. शंभर दिवसांच्या वहीतून ३.६ मिती काढली, तर तो आकडा माणसापेक्षा वहीच्या लांबीबद्दल जास्त सांगतो.

म्हणून सरोगेट चाचणी, म्हणजे बनावट मालिकांशी तुलना, आधी करावी. मूळ मालिकेचे फेज (तिच्यातल्या लाटा कुठून सुरू होतात ते) यादृच्छिक करून १९ बनावट मालिका तयार करा. त्यांची वारंवारिता तीच राहते, अरेषीय (सरळ प्रमाणात नसलेलं) नातं मात्र मोडतं. मूळ मालिकेवरून काढलेला तुमचा आकडा, उदाहरणार्थ मिती, या एकोणीसांहून ठरवलेल्या दिशेने टोकाला असेल, तरच ५ टक्के पातळीवर 'हा निव्वळ रेषीय गोंगाट नाही' असं म्हणता येतं. केऑस तरीही सिद्ध होत नाही.

सामाजिक आकडेवारीत अडचण वेगळी. गोव्यात २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. खाणपट्ट्यातल्या रोजगाराची त्याआधीची आणि नंतरची मालिका सलग जोडली, तर नियमच मध्ये बदललेला असतो. तुकडे वेगळे तपासा.

समीकरणं उसनी घेणं त्याहून वाईट. २००५ च्या एका शोधनिबंधात सकारात्मक-नकारात्मक भावनांचं २.९०१३ हे निर्णायक गुणोत्तर लॉरेन्झच्या द्रवप्रवाहाच्या समीकरणांवरून काढलं होतं. २०१३ मध्ये ब्राउन, सोकल आणि फ्रीडमन यांनी दाखवलं की ती समीकरणं भावनांना लावायला आधारच नव्हता. चार दशांश पाहूनच संशय यायला हवा होता.