कोठीच्या वहीतलं गणित

आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरात दर वर्षी काही मुलं अशी असायची, की त्यांचा सगळ्यांचा पत्ता एकच. प्रगतिपुस्तकावर पालकाची सहीही एकच, बालगृहाच्या अधीक्षकांची. मी त्या मुलांतला. पाचवीला इथे आलो आणि दहावी करून बाहेर पडलो. स्नेहसंमेलनं, अजिंक्यताऱ्यावरच्या सहली, कबड्डीचे सामने यांवर लिहिणारे या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत पुष्कळ असतील. मला लिहायचं आहे ते शाळेने 'होमच्या पोरांना' कसं शिकवलं याबद्दल. आज मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक आहे आणि आठवड्यातून एक संध्याकाळ बालगृहात शिकवायला जातो. तिथे मला जे उपयोगी पडतं, ते जवळजवळ सगळं याच शाळेत पाहिलेलं आहे.

माझ्या सोबतच्या मुलांची नावं मी लिहिणार नाही. अशा बालकांची ओळख छापून उघड करायला २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ मनाई करतं. आम्ही आता चाळिशी ओलांडलेली माणसं असलो, तरी ज्याची त्याची गोष्ट ज्याने त्याने सांगावी हे मला बरोबर वाटतं.

बालगृहातलं मूल शाळेत येतं ते जूनमध्येच येईल असं नसतं. मुलाला कुठे ठेवायचं हे ठरवायला आमच्या वेळी बाल कल्याण मंडळ होतं, आता बाल कल्याण समिती आहे. तिचा आदेश ज्या दिवशी होईल त्यानंतर ते मूल येणार; मग ती दिवाळी असो नाहीतर सहामाही परीक्षेचा आठवडा. जुन्या शाळेचा दाखला कुठेतरी राहिलेला. कुणी दोन वर्षं वीटभट्टीवर, कुणी स्टँडवर, कुणी आजारी आईच्या उशाशी बसून काढलेली. वय बघून सहावीत बसवायचं, आणि सहावीचं पुस्तक हातात दिलं की जोडाक्षरापाशी गाडी अडायची. असं मूल वर्गात फार शहाणं असतं. वाचता येत नाही हे कळू नये म्हणून ते मस्ती करतं, पुस्तक हरवतं, पोट दुखतंय म्हणतं. 'अभ्यासात लक्ष नाही' असा शेरा मारायला सगळं साहित्य ते स्वतःच पुरवतं.

आमच्या गणिताच्या सरांनी असा शेरा कधी मारला नाही. नवीन मुलगा आला की पहिल्या आठवड्यात ते त्याला फळ्यापाशी बोलवत नसत. मधल्या सुट्टीत कामाला लावत. खडूची पेटी मोज, ग्रंथालयातली पुस्तकं उंचीप्रमाणे लाव, या बाकाची लांबी सांग. त्यातून त्यांना कळे की मुलाला मोजता कुठवर येतं, आकडा लिहिता येतो का, पट्टी शून्यापासून धरतो की एकपासून. ते एका लांबट वहीत लिहून ठेवत. आमच्या फायलींत आमच्याकडे काय नाही ते सगळं लिहिलेलं असे: वडील नाहीत, पत्ता नाही, जन्मनोंद नाही. सरांच्या वहीत मुलाला काय येतं ते लिहिलेलं असे. 'सव्वा-दीड तोंडी येतं. भाजीच्या गाडीवर काम केलंय. भागाकार नाही.' माझ्याबद्दलची ओळ मी एकदा वाचली होती. ती मी इथे लिहीत नाही, पण ती वाचल्यावर मी गणिताला बसलो हे खरं.

भाजीच्या गाडीवर काम केलेल्या त्या मुलावरून सरांना बालगृहाच्या कोठीची युक्ती सुचली असावी. कोठीत एक रजिस्टर असे. रोजची हजर संख्या, माणशी ठरलेलं प्रमाण आणि त्यावरून त्या दिवशी काढून द्यायचा शिधा. अधीक्षकांची परवानगी काढून सरांनी सातवी-आठवीच्या मुलांना सकाळी तो हिशेब मांडायला लावला. हजर ४६, तूरडाळ माणशी ४० ग्रॅम, म्हणजे १८४० ग्रॅम, म्हणजे एक किलो आठशे चाळीस. दशांश चिन्ह पुस्तकात आम्हाला कधी कळलं नव्हतं. मावशींनी तराजूत एक किलोचं वजन ठेवलं, मग पाचशेचं, दोनशेचं, शंभराचं, आणि शेवटी चाळिसासाठी दोन वीस-वीसची बारकी वजनं. १.८४० म्हणजे काय ते त्या तराजूने सांगितलं. दोन मुलं सुट्टीवर घरी गेली की डाळ किती कमी, पाहुणे आले की किती जास्त, हे आम्ही बोटांवर न मोजता सांगू लागलो. सर जुन्या वळणाचे होते. पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी हे अपूर्णांकांचे पाढे त्यांनी आमच्याकडून कोठीच्या ओट्यावर म्हणून घेतले. पाढे पाठ करायला आमचा विरोध नसायचाच. ते कशाला हे कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

त्याच मुलाने एकदा ज्वारीच्या हिशेबात चूक काढली. मागील पानावरून पुढे आणताना आकड्यांची अदलाबदल झाली होती, ६३ चे ३६ झाले होते. तो आधी सरांकडे गेला, सर त्याला घेऊन अधीक्षकांकडे. अधीक्षकांनी चष्मा लावून दोन्ही पानं शेजारी धरली, तांबड्या शाईने दुरुस्ती केली, शेजारी सही केली आणि रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं. म्हणाले, "चूक तू काढलीस, तुझीपण सही कर." त्याला सही नव्हती. त्याने पूर्ण नाव लिहिलं, रकान्याबाहेर गेलं. त्या दिवसापर्यंत सरकारी कागदावर त्याच्याबद्दल लिहिलं जात होतं, त्याने स्वतः लिहिलेलं असं त्यात काही नव्हतं. पुढे त्याने बी.कॉम. केलं.

मुलांना प्रेरणा द्यायला आमच्याकडे माणसं कमी येत नसत. पंधरा ऑगस्ट, बालदिन, कुणाचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध. आम्ही ओळीत बसायचो, स्वागतगीत म्हणायचो, पाहुणे 'खूप शिका, मोठे व्हा, परिस्थितीवर मात करा' असं सांगायचे, मग बिस्किटं, मग फोटो. त्या माणसांची मनं चांगली होती आणि बिस्किटंही आम्हाला आवडायची. पण उद्या सकाळी कुठलं पान उघडायचं हे त्या भाषणात कधी नसायचं, आणि तो पाहुणा पुन्हा दिसायचाही नाही. बालगृहातल्या मुलाला माणसं निघून जाण्याची इतकी सवय असते, की येणाऱ्याकडे ते पाहुणा म्हणूनच बघतं. सरांचं वेगळं होतं. "काल कुठवर आला होतास?" हा त्यांचा प्रश्न. सोमवारी विचारत, मंगळवारी विचारत, आजारी पडून चार दिवसांनी आले तरी तोच प्रश्न विचारत, आणि त्यांना आमचं पान आठवत असे. आपण कालपासून आजपर्यंत कुणाच्या तरी लक्षात राहिलो, याच्याइतकं बळ मला दुसऱ्या कशाने आलेलं नाही. प्रेरणा म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी हा प्रश्न सांगतो.

मराठीच्या बाईंबद्दल लिहायला हवं. तीन जानेवारीला सगळ्या शाळांत सावित्रीबाईंवर भाषणं होतात आणि बहुतेक भाषणं शेणमातीच्या प्रसंगापाशी थांबतात. सावित्रीबाईंचं नायगाव आपल्याच सातारा जिल्ह्यातलं, जोतिरावांचं मूळ गाव कटगुण, तेही आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे आपल्याकडे हा दिवस जोरात असतो. बाईंनी एका वर्षी यशवंतची गोष्ट सांगितली. १८६३ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे आसऱ्याला आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, त्याला शिकवलं, तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. बाईंनी आमच्या बाकांकडे बघितलंसुद्धा नाही. सगळ्या वर्गाला सांगितलं आणि धडा पुढे सुरू केला. पण त्या रात्री बालगृहात दिवे गेल्यावर आम्ही यशवंतबद्दल बोलत होतो. तो अशाच एका गृहात जन्मला होता, आणि डॉक्टर झाला होता, आणि हे खरं होतं.

बाईंची दुसरी गोष्ट निबंधांची. 'माझी आई', 'माझे घर', 'मामाच्या गावची सुट्टी' हे विषय त्यांनी कधी गाळले नाहीत, पण प्रत्येक वेळी शेजारी दुसरा विषय असायचा आणि तो सगळ्या वर्गासाठी असायचा: 'मला नीट करता येणारे एक काम', 'सकाळचा पोवई नाका', 'मोती तळ्याच्या काठी तासभर'. आम्हाला वेगळं काढून सूट दिली असती तर ते चाळीस पोरांसमोर झालं असतं. आमच्यातल्या एकाने मात्र 'माझी आई' हाच विषय घेतला होता. त्याची आई हयात होती, घरकाम करायची, महिन्यातून एकदा भेटायला यायची. बालगृहातली सगळी मुलं अनाथ असतात हा समज तेव्हाही होता, आजही आहे. कितीतरी मुलांची आई किंवा वडील असतात. सांभाळण्याची ऐपत नसते, किंवा घरी ठेवणं धोक्याचं असतं. त्या मुलाचा निबंध बाईंनी वर्गात वाचून घेतला नाही, त्याला एकट्याला बोलावून शुद्धलेखन समजावलं. मला वाटतं, कुठे थांबायचं हे कळणं ही शिक्षकाची फार मोठी विद्या आहे.

साताऱ्यात वाढलेल्या कुणालाही वसतिगृह म्हटलं की कर्मवीर अण्णा, म्हणजे भाऊराव पाटील, आठवणार. १९२४ साली त्यांनी इथे काढलेलं, आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असं नामकरण झालेलं वसतिगृह सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, हेही. सर आम्हाला त्यातला एकच भाग पुनःपुन्हा सांगत: सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहायची, स्वतःची कामं स्वतः करायची, आणि कष्ट करून शिकतोय म्हणून मान ताठ ठेवायची. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य आम्ही कोठीत डाळ मोजताना ऐकलेलं असल्यामुळे ते आम्हाला भिंतीवरचं वाटलं नाही.

दहावीचं वर्ष आमच्यासाठी निराळ्या कारणाने अवघड असे. तेव्हा १९८६ चा बाल न्याय कायदा होता. त्यात मुलगी अठरापर्यंत बालक, पण मुलगा सोळापर्यंतच. आमच्यापैकी अनेकांचं सोळावं आणि दहावी एकाच वर्षी यायचे. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये, आणि मुदत डिसेंबरात संपणार असेल तर पोरगा प्रमेयं काय पाठ करणार? तो रात्री आढ्याकडे बघत जायचं कुठे याचा विचार करणार. बाल कल्याण मंडळाकडे बालगृहात राहण्याची मुदत वाढवून मागता येत असे. मुख्याध्यापकांनी आमच्यासाठी तशी पत्रं दिली, चाचण्यांचे गुण सोबत जोडून. सर स्वतः ती पत्रं घेऊन गेले. निकालापर्यंत राहता येईल असं कळलं, त्या आठवड्यात भूमितीत आमची गाडी एकदम पुढे सरकली, आणि त्यात माझ्या हुशारीचा भाग थोडाच होता.

२००० च्या कायद्याने मुलगा-मुलगी दोघांनाही अठराची मर्यादा केली. २०१५ च्या कायद्यात अठरानंतरही एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृहातून बाहेर पडल्यावरही सांभाळाची, मदत मिळण्याची तरतूद आहे. २०१८ मध्ये राज्य सरकारने अनाथ मुलांना शिक्षणात आणि शासकीय नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं. हे सगळं आमच्या वेळी असतं तर काही जण आज वेगळ्या जागी असते. मात्र यातलं काहीही आपोआप मिळत नाही. अनाथ प्रमाणपत्र काढावं लागतं, आणि ज्याची आई हयात आहे त्याला ते मिळत नाही, मग त्याच्यासाठी दुसरी वाट शोधावी लागते. दाखल्यावर नाव एक, आधारवर दुसरं, असं दर वर्षी निघतं. आयटीआयच्या प्रवेशाच्या दिवसांत मी बालगृहात शिकवत नाही, फॉर्म भरतो.

आमच्या ट्रेडमध्ये पहिले काही आठवडे नुसतं फायलिंग, म्हणजे कानशीने लोखंड घासणं, असतं. मुलगा जॉब, म्हणजे हातातला लोखंडी तुकडा, घासून आणतो, निदेशक त्यावर काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरतो, आणि जिथून उजेड येतो ती जागा बोटाने दाखवतो. संध्याकाळी वह्या तपासताना मी तेच करतो. 'शाब्बास' आणि 'लक्ष दे' या दोन्हींनी पोराला काही कळत नाही. 'इथे हातचा राहिला' म्हटलं की तो लगेच रबर मागतो. आणि दुसऱ्या आठवड्यात पहिला प्रश्न कुठला विचारायचा, ते सरांनी शिकवलेलंच आहे.

माझी सगळ्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. महोत्सवानिमित्त बालगृहाला काहीतरी द्यावं असं बैठकीत निघालं, त्याबद्दल आभार. पंखे आणि गाद्या आहेत. केक घेऊन येणारेही आहेत, आणि मुलांचे फोटो टाकू नका हे त्यांना सांगावं लागतं. कमी आहे ती माणसांची. आठवड्यातली एकच संध्याकाळ, एकच विषय, तीच दोन-तीन मुलं, पण जून ते मार्च, मध्ये न सोडता. वर्षभर जमणार नसेल तर सुरू करू नका, हे मी हात जोडून सांगतो; मध्येच येणं थांबलेला माणूस त्या मुलांना कधीच न आलेल्या माणसापेक्षा महाग पडतो.

या वर्षी दहावीला सहा मुलं आहेत. गणिताचे दोन्ही भाग मी बघतो. इंग्रजीला माणूस हवा आहे, आणि विज्ञान भाग २ ला. अधीक्षकांची परवानगी आणि पोलीस पडताळणी लागते. ते कागद कसे करायचे ते मी सांगेन. महोत्सवाच्या दोन्ही दिवशी मी शाळेतच आहे, नोंदणीच्या टेबलाजवळ विचारा.