आमची वाटचाल : झिजलेला ठसा आणि ‘डबल डाय’

सुरुवातीची वर्षं साधी गेली. नाणी घेतली, विकली. दुकानाला टाळं लागायची वेळ आली ती ‘डबल डाय’ (नाण्यावर छाप मारणाऱ्या ठशातच अक्षर दुहेरी उमटलेलं नाणं) या दोन शब्दांमुळे. पलीकडच्या गल्लीतला व्यापारी 1992 नंतरच्या 25 मिमीच्या स्टीलच्या रुपयावरचं प्रत्येक फुगीर अक्षर ‘डबल डाय’ म्हणून खपवायचा. आम्ही तीच नाणी एक रुपयाचीच म्हणून परत द्यायचो. गिऱ्हाईक तिकडे वळलं, अजूनही पुरतं परतलेलं नाही.

टिकून राहिले ते टूलरूममधून निवृत्त झालेले एक काका. ते दहापट भिंगाखाली अक्षर बघतच नसत, आधी अक्षरांभोवतीची मोकळी जागा बघत. नाणं पाडताना धातू मध्यातून कडेकडे सरकतो आणि ठशातल्या अक्षराची कड घासतो. हजारो ठोक्यांनंतर ती कड ढासळते. मग नाण्यावर अक्षराला, बहुतेकदा कडेकडच्या बाजूने, पुसट, फाटक्या काठाची सावली येते. आसपासचा भाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो, कडेकडे जाणाऱ्या बारीक रेघा दिसतात. सावली आणि खरबरीतपणा सोबत असले की ठसा झिजलाय, दुसरं काही नाही.

खऱ्या डबल डायमध्ये दोष ठसा घडतानाच येतो. हबचा, म्हणजे ठशावर अक्षरं उमटवणाऱ्या मूळ साच्याचा, दुसरा दाब किंचित फिरून बसतो. अक्षरं दोन, दोन्ही गोलसर, कोपऱ्यात स्वच्छ खाच. अमेरिकेच्या 1955 च्या सेंटवर तारीख नुसत्या डोळ्यांनी दुहेरी दिसते. त्याच वर्षीचा ‘गरिबाचा डबल डाय’ मात्र निव्वळ झीज आहे. त्यात शेवटच्या 5 भोवतीच काय ती सावली. तिसरा प्रकार सैल ठशाचा: अक्षराच्या बाजूला सपाट, चकचकीत पायरी आणि मूळ अक्षर बारीक.

दिवा एकाच बाजूने, तिरपा धरा. गोल एलईडी दिव्याखाली खाच आणि सावली सारखीच दिसते. नाणं कडेने धरून हळूहळू फिरवा. शक्य असेल तर त्याच वर्षाची, त्याच टांकसाळीची दहा-बारा नाणी शेजारी मांडा; मुंबईची असतील तर सालाखाली हिऱ्याची खूण असते. झीज एकावर कमी, दुसऱ्यावर जास्त भेटते. डबल डाय मात्र त्या एका ठशातून निघालेल्या सगळ्या नाण्यांवर त्याच जागी, त्याच आकाराचं असतं. आणि ब्रासो लावू नका. घासलेल्या नाण्यावरून ठशाबद्दल कुणालाच काही सांगता येत नाही.