चित्रातली माणसं

"ह्यात बसलंय कोण?"

कोल्हापूरच्या राजारामपुरीत चहाच्या गाड्यावर भाचा कॉलेजचं आर्किटेक्चरचं प्रोजेक्ट दाखवत होता. मेन रोडचा कायापालट. रुंद फूटपाथ, एकसारख्या पाट्या, गाड्या सगळ्या तळघरात. मी आपला कौतुक करतोय, तेवढ्यात गाडेवाले आण्णा गाळणं झटकत वाकले आणि हे विचारलं.

बघितलं तर खरंच. चित्रात सतरा माणसं, सगळी चालणारी. एकीच्या हातात कुत्र्याचा पट्टा. कट्टा नाही, गाडा नाही, गजरेवाली नाही.

भाचा म्हणाला, "मामा, ही माणसं कॉम्प्युटरमध्ये रेडिमेड मिळतात."

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली ती व्यापारासाठी. पेठ कुणासाठी, हे आधी ठरलेलं होतं. आणि राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत, तरी आपण पत्ता काय सांगतो? "आठवी गल्ली, त्या वड्याच्या गाडीपाशी." गाडीच हलली तर पत्ता काय सांगायचा?

रात्री भाच्यानं सुधारलेलं चित्र पाठवलंय. दोन बाक आलेत. दोन्ही रिकामे.

उद्या आण्णांना दाखवू का नको?